गेंड्याच्या मागावर भाऊजी

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान गुरुदत्त आठल्ये, यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्या कानाने फारसं येत नाही. ही गोष्ट वोल्फ्सबुर्गमधल्या सगळ्या मराठी मंडळींना ठाऊक आहे. त्यांच्या ऑफिसात ठाऊक असावी. शेजारच्या ल्यूडर्सबाईंना तर भिंतीतून येणाऱ्या टीव्हीमुळे पक्की ठाऊक आहे. ठाऊक नव्हती ती फक्त भाऊजींना, निदान त्यांचा दावा तरी तसा होता.

ल्यूडर्सबाई एकदा तक्रार करायला आल्याही होत्या. रविवार होता, आणि जर्मनीत रविवारी आवाज करणं म्हणजे आपल्याकडे संकष्टीला मटण आणण्यासारखं आहे. बाईंनी बराच वेळ बेल वाजवली. ताई बाहेर गेली होती. भाऊजींना बेल ऐकू आली नाही, त्यामुळे तक्रार झालीच नाही, आणि आपले शेजारी फार समजूतदार आहेत असं भाऊजी आजही सांगतात.

त्यांच्या मते जर्मन लोक हल्ली पुटपुटतात. मराठी लोक सगळे एकदम बोलतात. फोनची लाईन खराब असते. आणि मी, म्हणजे कौमुदी, त्यांची मेहुणी, मुक्काम हॅम्बर्ग, नोकरी विमानांच्या कारखान्यात, फार भरभर बोलते. यातलं शेवटचं खरं आहे.

दैवाला विनोदबुद्धी असावी, कारण या माणसाचं सगळं आयुष्य कानावर चाललं. गाडीचं दार लागताना कसा आवाज यावा हे ठरवणारे लोक असतात. दार पत्र्याच्या डब्यासारखं वाजता कामा नये, तिजोरीसारखं भरदार लागलं पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक गाडीकडे बघत नाही. दारांच्या रबरी पट्ट्या बनवणाऱ्या एका कंपनीत भाऊजी हे काम करतात. सांगलीला इंजिनिअर झालेला हा माणूस इथे येऊन दिवसभर दारं लावायचा, उघडायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. तरुणपणी ते पार्किंगमध्ये पाठमोरे उभे राहून सांगायचे, की मागे कुठल्या गाडीचं कुठलं दार लागलं आणि त्याची पट्टी कुठे झिजली आहे. ताई तेव्हा नुकती लग्न होऊन आली होती. ती हे ऐकून हरखून जायची.

आता मोजणी यंत्रं करतात. तरी मीटिंगमध्ये हेर आठल्येंचं, म्हणजे आठल्येसाहेबांचं, मत विचारतात. भाऊजी आधी सगळ्यांचे चेहरे बघतात आणि मग मत देतात. ते बहुधा बरोबर निघतं.

शिवाय त्यांच्याकडे एक शब्द आहे, गेनाऊ. अगदी बरोबर, असा त्याचा अर्थ. समोरच्याने काहीही म्हटलं की मान तिरकी करून, हसून, गेनाऊ म्हणायचं. जर्मनीत माणूस या एका शब्दावर वर्षानुवर्षं सन्मानाने जगू शकतो. भाऊजी जगले. बेकरीत, बँकेत, मंडळाच्या गणपतीत, डॉक्टरकडेसुद्धा. एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला त्यांनी त्याच्या विधवा बायकोला गेनाऊ म्हटलं. त्या बाई अजून सांगतात, की त्या दिवशी माझं दुःख फक्त हेर आठल्येंना कळलं होतं.

हे सगळं सांभाळायची माझी ताई, लता. कुणी काही विचारलं की ती अर्धं उत्तर आधीच देऊन टाकायची आणि उरलेलं अर्धं भाऊजींकडे वळून, तोंड नीट दिसेल अशा बेताने म्हणायची. चारचौघांत नवऱ्याचं उणं काढायचं नाही, हे आमच्या आईने आम्हा दोघींना शिकवलं होतं. माझ्यावर त्याचा परिणाम झाला नाही आणि मी आज एकटी राहते. ताईने मात्र झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत ती इतकी वर्षं झाकून ठेवली, की बोटं उघडायची कशी हेच विसरली.

मला चीड यायची ती वेगळ्याच गोष्टीची. त्या घरातलं बोलणं बंद पडलं होतं. प्रश्न विचारला तर उत्तर ऐकावं लागतं, म्हणून भाऊजींनी प्रश्न विचारणंच सोडून दिलं. एके काळी जेवणाच्या टेबलावर बोलबोल बोलणारा हा माणूस, आता मुकाट्याने जेवायचा आणि उठून टीव्हीसमोर बसायचा. मग ताई मला फोन करायची. मी म्हणायचे, ‘‘अगं, एकदा स्पष्ट सांग ना. कानात यंत्र घालायचंय, काशीला नाही जायचंय.’’ ती म्हणायची, ‘‘त्यांच्या मनाला लागेल गं. त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हणू दे एकदा, की मला ऐकू येत नाही. मग मी सगळं करते.’’ तिला आयुष्यात आता एवढंच हवं होतं. ते एक वाक्य.

भाऊजी साठीला आले. साठीशांत करायची असं ताईचं चाललं होतं. हॅनोव्हरहून गुरुजी यायचे होते. पण ताई-भाऊजींचा मुलगा वेद, जो गार्चिंगला संशोधन करतो आणि मराठी सगळं समजत असून जर्मनमध्ये उत्तर देतो, त्याने परस्पर नामिबियाची सफर ठरवली. वाळवंटात पायी हिंडून रानगेंड्यांचा माग काढायचा, सोबत वाटाड्या. ताई म्हणाली, अरे, शांत राहिली बाजूला. वेद म्हणाला, ‘‘आई, इस्ट शोन गेबूख्ट.’’ बुकिंग झालंय म्हटल्यावर जर्मनीत वाद संपतो. नंतर त्याला स्वतःलाच प्रयोगशाळेतून निघता येईना, आणि त्याच्या जागी मी गेले. अशा रीतीने भाऊजींच्या साठीला शांतीऐवजी गेंडा आला.

नामिबियाचा तो भाग म्हणजे लालसर दगड. डोंगरभर गुळाच्या ढेपा फोडून पसराव्यात तसे दगड, आणि त्यांच्यामधून हिरव्या काड्यांची झुडपं. आमच्या वाटाड्याचं नाव पेट्रुस. सावकाश बोलणारा, चांगलं जर्मन येणारा माणूस. त्याने सांगितलं, की या झुडपांचा चीक विषारी असतो, पण गेंडा ती आवडीने खातो. ताई म्हणाली, ‘‘हा तर शेर दिसतोय. आमच्याकडे कुंपणाला लावतात, गुरं तोंड लावत नाहीत.’’ गेंड्याबद्दलचं तिचं मत तिथेच थोडं वाईट झालं.

आमच्याबरोबर सेल्ले गावचं ब्रांडेस नावाचं जोडपं होतं. दोघे निवृत्त शिक्षक. त्यांच्या कपड्यांना इतके खिसे होते, की एखादी वस्तू सापडेपर्यंत गेंड्याची पिढी बदलावी. तंबूसमोर दुपारच्या चहाला पेट्रुसने नियम सांगितले. एकामागे एक चालायचं. बोलायचं नाही. गेंड्याला दिसतं कमी, पण वास आणि आवाज त्याला लांबून कळतो. मी हात वर केला की थांबायचं. मी हळूच काही सांगितलं तर ते त्याच क्षणी करायचं, कारण मी दुसऱ्यांदा सांगणार नाही. मग त्याने एकेक करून विचारलं. कुणाचे गुडघे दुखतात का? कुणाला दमा? आणि कुणाला ऐकायला कमी येतं का?

‘‘गेनाऊ!’’ भाऊजी म्हणाले. मान तिरकी, चेहऱ्यावर हसू.

सगळे हसले. पेट्रुसही हसला. ब्रांडेसबाई म्हणाल्या, तुमचे मेहुणे फार मिश्कील आहेत. मी ताईकडे बघितलं. ताई वाळूकडे बघत होती.

तंबूत गेल्यावर मी तिला म्हटलं, ‘‘ताई, हा गणपती नव्हे. इथे गेंडा आहे.’’

‘‘मी त्यांच्या मागेच असेन ना,’’ ती म्हणाली. ‘‘इतकी वर्षं आहेच की.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप सोडून आम्ही चालायला लागलो. पुढे पेट्रुस, मग ब्रांडेस पतिपत्नी, मग भाऊजी, ताई आणि शेवटी मी. पेट्रुसकडे एका जुन्या मोज्यात राख भरलेली होती. तो मधूनमधून मोजा झटकायचा आणि राख कुठे उडते ते बघून वारा ठरवायचा. दगडावर घासलेली खूण, तोडलेली काडी, लेंड्यांचा ढीग, असं काहीबाही तो बोटाने दाखवायचा. कुणी एक शब्द बोलत नव्हतं. सगळा कारभार हातवाऱ्यांवर.

आणि मी पहिल्यांदा बघितलं, भाऊजी सुखात होते. पेट्रुसचा हात वर गेला की सगळ्यांत आधी थांबणारे भाऊजी. बोट दिसलं की सगळ्यांत आधी वाकून बघणारे भाऊजी. ज्या जगात सगळेच गप्प आहेत तिथे त्यांचं काहीही निसटत नव्हतं. ब्रांडेस दोनदा दगडावर आपटले, भाऊजी एकदाही नाही. मला त्यांची दया आली, आणि मला दया आली की मी चिडते, म्हणून मी चिडून चालत राहिले.

ऊन चढलं तेव्हा पेट्रुसने आम्हाला शेराच्या एका मोठ्या झुडपामागे बसवलं. तो कुजबुजला, की मादी आहे, पलीकडे झाडाखाली पहुडली आहे, मी पुढे जाऊन बघतो, जागचं कुणी हलू नका. ब्रांडेस यांनी मान डोलावली. मी डोलावली. भाऊजींनीही डोलावली आणि पेट्रुस वळताच ते उठून उजवीकडे, झुडपाच्या बाहेर, मोकळ्या जागेत गेले.

तिथे उभं राहून त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली. समोर लांबवर एक मोठा काळपट दगड होता. भाऊजी त्या दगडाचं निरीक्षण करू लागले. नेमका त्याच वेळी गेंडा, म्हणजे ती मादी, झाडाखालून उठली आणि त्यांच्या डाव्या अंगाला, मागच्या बाजूला येऊन उभी राहिली.

ती जवळ नव्हती, असं पेट्रुस नंतर म्हणाला. मला ती ताईच्या वोल्फ्सबुर्गच्या बैठकीतल्या सोफ्याएवढ्या अंतरावर वाटली. खरं अंतर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असेल.

पेट्रुसने हळूच हाक मारली. ‘‘हेर आठल्ये.’’ गेंड्याचा एक कान पेट्रुसकडे वळला. ब्रांडेस कुजबुजले, ‘‘हेर आठल्ये!’’ दुसरा कान ब्रांडेसकडे वळला. ताई म्हणाली, ‘‘अहो.’’ अगदी हळू, श्वासाबरोबर. दोन्ही कान ताईकडे वळले. हाका आम्ही भाऊजींना मारत होतो आणि ओ गेंडा देत होता. त्या सगळ्या माळरानावर आमचं बोलणं ऐकू न येणारा एकच प्राणी होता आणि तो दगड बघत होता.

मोठ्याने ओरडावं तर गेंडा धावून येणार. न ओरडावं तर हे मागे वळणार नाहीत. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ताई माझ्या शेजारी नव्हती. तिचा गुडघा दुखतो, जिना उतरताना ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरते. ती माझी ताई झुडपाबाहेर पडून, उघड्या माळावरून, गेंड्याच्या समोरून चालत निघाली होती. पळत नव्हती. दूध उतू जायच्या आत गॅसपाशी पोहोचायचं असावं तशी, झपझप. ती भाऊजींपर्यंत गेली आणि तिने त्यांच्या शर्टाची पाठ मुठीत धरली.

गेंड्याने फुत्कार टाकला. असा आवाज मी विमानांच्या कामात इतकी वर्षं काढूनही ऐकला नव्हता. माझ्या दातांपर्यंत पोहोचला तो. भाऊजी वळले, पण ते शर्ट ओढला म्हणून. बायकोला बघून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी दुर्बीण तिच्या हातात दिली, दगडाकडे बोट केलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, ‘‘बघ, झोपलाय.’’

ते ऐकून मादी दोन पावलं त्यांच्या रोखाने आली, मग काय वाटलं तिला कोण जाणे, बाजूला वळली आणि धूळ उडवत उतारावरून पळून गेली. ती कुणालाच धड दिसली नाही. भाऊजींच्या डोळ्यांत धूळ गेली.

‘‘हा वारा कुठून आला?’’ त्यांनी विचारलं.

पेट्रुस येऊन एका दगडावर बसला. तो ओरडला नाही. तो पाणी प्यायला आणि मग त्याने विचारलं, की मी जागचं हलू नका म्हटलं होतं, ते यांनी ऐकलं नाही का. ताईने तोंड उघडलं. ती काय म्हणणार ते मला पाठ होतं. ते जरा दुर्बिणीत गुंगले होते, त्यांना ना, एकदा एखाद्या गोष्टीत लक्ष घातलं की. पण तिच्या मुठीत अजून भाऊजींचा शर्ट होता. ती पेट्रुसला जर्मनमध्ये म्हणाली, ‘‘माझ्या नवऱ्याला ऐकू येत नाही.’’

भाऊजींनी विचारलं, ‘‘काय सांगितलंस त्याला?’’

ताईने माझ्याकडे बघितलं, ब्रांडेसांकडे बघितलं, आणि ती सगळी ताकद लावून ओरडली, ‘‘तुम्हाला ऐकू येत नाही, असं सांगितलं!’’

इतक्या वर्षांत मी ताईचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. समोरच्या डोंगरावरून वाक्य परत आलं. भाऊजींना ते परत यायच्या आधीच ऐकू आलं असावं, कारण ते गेनाऊ म्हणाले नाहीत.

परतताना पेट्रुसने त्यांना धुळीतली गेंड्याची ताजी पावलं दाखवली, आणि जीपमध्ये बसल्यावर त्यांनी पहिला प्रश्न ब्रांडेसांना विचारला. ‘‘त्या प्राण्याने आवाज केला होता?’’ ब्रांडेस यांनी जोरजोरात मान डोलावली. मग पेट्रुसला विचारलं, मोठा होता का. पेट्रुसने दोन्ही हात पसरले. मग मला विचारलं, खालच्या पट्टीत की वरच्या. मी त्यांच्या उजव्या कानाशी ओरडले, ‘‘खालच्या! गाडीच्या दारासारखा! एकदम तुमच्या पाठीमागे!’’ ते जाणकारासारखे ऐकत होते, जणू कुणा दुसऱ्याच्या दाराचा नमुना तपासायला आलाय. शेवटी ताईकडे वळले.

‘‘तुला ऐकू आला?’’

तिने मान डोलावली.

‘‘मग तू का आलीस तिथे?’’

 तिने तोंड खिडकीकडे वळवलं. तिचे खांदे हलताना बघून ते समजले, त्याला कान लागत नाहीत. त्या दिवशी ते जेवले नाहीत, तंबूसमोर खुर्ची टाकून माळाकडे बघत बसले. मला वाटलं, संपलं. आता हे वोल्फ्सबुर्गला जाऊन टीव्ही आणखी मोठा करणार. गेंड्याची कातडी म्हणतात ती काही सगळी आफ्रिकेत नसते.

सकाळी पेट्रुस जीपमध्ये सामान भरत होता. आज तो ब्रांडेसांना आणि मला नेणार होता. ताई आणि भाऊजी तंबूतच थांबणार, असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे भाऊजींना कुणी विचारलं नव्हतं. तेवढ्यात भाऊजी टोपी घालून आले आणि जीपसमोर उभे राहिले. कंपनीत मीटिंगला उभे राहतात तसे, हात मागे बांधून. मागोमाग ताई आली.

‘‘आल्झो,’’ म्हणजे ‘तर मग’, भाऊजी जर्मनमध्ये म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ‘‘परवा मी चुकीचं उत्तर दिलं. मला ऐकू येत नाही. डावा कान पूर्ण गेलाय. उजव्यात थोडं उरलंय. मला तुम्ही काय विचारता ते बहुतेक वेळा कळत नाही, मी अंदाजाने बोलतो. मला आज यायचं आहे. माझी बायको मागून माझा शर्ट धरेल. तिने ओढला की मी थांबेन.’’

ब्रांडेसबाईंनी काहीतरी खिशात शोधायला सुरुवात केली. मी ताईकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मी रडले असते आणि मला ते नको होतं. पेट्रुसने थोडा विचार केला. ‘‘तुम्ही दोघं माझ्या लगेच मागे,’’ तो म्हणाला. मग त्याने हेच भाऊजींच्या समोर येऊन, ओठ दिसतील असं, पुन्हा म्हटलं.

त्या दिवशी गेंडा सापडायला दुपार झाली. समोरच्या टेकडीच्या उतारावर, मध्ये दरी, वारा आमच्याकडे येणारा. पेट्रुसने हात वर केला. ताईने शर्ट ओढला. भाऊजी थांबले. तिने आणखी ओढला, ते खाली बसले. पेट्रुसने बोट केलं आणि या वेळी भाऊजींनी दगड बघितला नाही. नर होता. शेराच्या काड्या मोडून खात होता, सावकाश, दात दुखत असल्यासारखा चेहरा करून. आम्ही सगळे श्वास धरून बघत होतो.

‘‘लता!’’ भाऊजी म्हणाले. त्यांच्या मते ते कुजबुजत होते. ‘‘लता, दिसला! अगं, त्याचे कान बघ! एक पुढे, एक मागे! दोन्ही वेगवेगळे फिरतात! असं कधी बघितलं होतंस?’’

गेंड्याने खाणं थांबवलं. दोन्ही कान भाऊजींकडे वळले. ब्रांडेसांचा कॅमेरा अजून एका खिशात होता. पेट्रुसने डोळ्यांवर टोपी ओढून घेतली. मी ताईला कोपर मारलं, की गप्प कर त्यांना.

‘‘बोलू दे गं,’’ ताई म्हणाली. ‘‘मला विचारतायत ते.’’

गेंडा पाठ फिरवून टेकडीमागे निघून गेला. भाऊजी अजून बोलतच होते, कानांची मुळं किती जाड आहेत, ती कशी फिरत असतील. ताई गुडघ्यावर सरकत त्यांच्या उजव्या बाजूला गेली आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाली.

‘‘काय?’’ भाऊजी म्हणाले. ‘‘ऐकू नाही आलं. परत सांग.’’

ताईने परत सांगितलं.